तालुक्यात खालून पहिली

महाड,
४ जून २०२५

सेजल बये,

सलाम घे, नमस्कार घे, काय हवं ते घे, पण पत्र पुरतं वाच. फोनवर शाळेचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून लिहायला बसले. अब्बांचे गुडघे धरलेत, बाकी सगळे खुशाल.

आपल्या शाळेचा दहावीचा निकाल लागला. तालुक्यात खालून पहिला! हसू नकोस. बाकीच्यांनी नाकारलेली पोरं आपण घेतो, मग शंभर टक्के कुठून यायचा? आपल्या वेळी निम्मी तुझ्यासारखी वाडीवरून उतरणारी आणि निम्मी माझ्यासारखी, बाप कुवेतला असलेली. आता मुंबईहून परतलेली जास्त. हिरकणीवाडीला सरबत विकणारा एक आहे. यंदा पोरांच्या दोन आयाही परीक्षेला बसल्या. एक पास झाली, तर तिचा नवराच गावभर सांगत सुटलाय.

आपले हेडमास्तर महिपती सर गेले, पण त्यांची रीत मी मोडलेली नाही. पहिला पेढा नापास झालेल्याला. "पास झाला तो सुटला, याला अजून झुंजायचंय," म्हणायचे. इथे शिकवायला लागल्यापासून दरवर्षी तो पेढा देताना मला तू दिसतेस. त्या वर्षी तू हात पुढे केलाच नाहीस. तडक निघालीस ती मुंबईला मामाकडे. मला सांगितलंससुद्धा नाही. डब्यातली तुझी सुकट, माझी सांदणं, भांडत सोडवलेली गणितं, सगळं तिथेच राहिलं. फार आठवण यायची गो. आणि रागही, तो अजून आहे.

असो. तुझी अक्षदा तुझ्या आईकडे सुट्टीला आलीय ना, ती परवा शाळेत आली होती. डोळे अगदी तुझे. गणित राहिलं म्हणून पप्पा मॉलमध्ये कामाला लावणार आहेत, म्हणाली. मी म्हटलं, आजीकडे राहा, इथे बस, तुला पास करणं माझ्याकडे लागलं. तर पोरगी हळूच म्हणाली, "आई तर पहिल्या फटक्यात पास झाली होती ना?"

मी खडू शोधत बसले.

पण सेजल, तिला ठाऊक होतं. मला जोखत होती लबाड! तिच्या आजीनेच, ठकूमावशीने, सांगून टाकलं होतं, "आयशीवर गेलीस गो. ती पन नापासच हाय." रागावलेली नाही ती. आधी हसली, मग रडली. म्हणाली, "आईने मला सांगितलं का नाही? मला किती बरं वाटलं असतं."

आयांचा वर्ग रविवारी असतो. शनिवारची एसटी पकडलीस तरी चालेल. नवऱ्याला काय सांगायचं ते तू बघ, पण खरं सांग.

कारण तुझ्या लेकीने अट घातलीय: "आई शेजारी बसणार असेल, तरच मी बसेन." आणि तुला न विचारता मी तिला हो म्हटलंय.

दोघींची वाट बघणारी,
अमरीन