दुधातली मुंगी

सुलतानपूर
१२ ऑगस्ट २०२४

ती. समताताईस,
पायलचा सप्रेम जय भीम. वि. वि. फोनवर बोलाची सोय नाई, सासूबाई बाजूलेच बसतात, म्हणून लिहून राह्यली.

अश्वजित चार महिन्याचा झाला, पण अंगणवाडीत वजन काही चढेना. पितो, अर्ध्यावरच सोडतो, रडतो. सेविकाबाई म्हणे, धराची पद्धत बदलव, होईन नीट. पण सासूबाईनं वाटीत माह्यं दूध काढाले लावलं आन् त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. घरभर बोभाटा, सुनेच्या दुधात विष हाय! तवापासून त्याले बकरीचं दूध, तेही अर्धं पाणी घालून. तो पलीकडच्या खोलीत भुकेनं रडते, आन् इकडे माह्यं पोलकं भिजते. काय करू सांग.

भाऊजीले जय भीम. माया पातळ होऊ देऊ नको.
तुही, पायल

जळगाव जामोद
१८ ऑगस्ट

चि. पायल हिस, आशीर्वाद.
वाचून डोस्कं तडकलं. अवं येडे, दुधात पडल्यावर मुंगी मरनच, तिले काय पोहता येते? सासूबाईच्या समोर बकरीच्या दुधात टाकून दाखव. आन् गजेंद्र कसा नवरा हाय तुहा, मूग गिळून काऊन बसला? लेकराले दवाखान्यात ने. तवरोक दूध पिळत राह्य, नाईतर आटते.

घरची कामं उरकली की येईनच. जिवाले जप.
तुही, समताताई

बुलढाणा
३० ऑगस्ट

ती. समताताईस, जय भीम. वि. वि.
तू म्हटलं तसं केलं. बकरीच्या दुधातही मुंगी मेली. मले वाटलं, आता तरी खरं पटन. तर सासूबाई म्हणे, सोडली कोणं? हिनंच ना, मंग हिच्या हातातही विष हाय. गजेंद्रनंही हो म्हणून मान डोलावली. त्या रोजपासून लेकराले हात लावू देल्ला नाई. दूध पिळालेही मनाई, विष आंगणात सांडते म्हणे.

परवा अश्वजित निपचित पडला, तवा सारे घाबरून इथं दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईनं त्याले माह्या छातीले लावलं, कसं धराचं ते दाखवलं. ताई, त्यानं बरोबर धरलं वं! जोरात वढलं. पण दूधच नाई उरलं. रिकामंच वढत राह्यला, माह्या तोंडाकडे पाहत.

डॉक्टरीणबाई म्हणते, लावत राह्य, परत येईन. आन् सासूबाई बाजूच्या खाटेवरच्या बाईले सांगून राह्यल्या, मी तर पहिलेपासूनच म्हणत होती, आमच्या सुनेले दूधच नाई.

कामं राहू दे, तू ये.
तुही, पायल