स्टुलात शिवलेलं कर्ज

प्रिय कारागीर,

फोन सोडून हिला एकदम पत्र कुठलं सुचलं, असं म्हणशील. पण फोनवर आपलं बोलणं होतं तरी काय? तू विचारतोस, पैसे पोचले का. मी म्हणते, पोचले. तू विचारतोस, हप्ता गेला का. मी म्हणते, गेला. मग तुझ्या खोलीतला कुणीतरी मोठ्यानं टीव्ही लावतो आणि तू ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळा होतोस. मला आज पुष्कळ सांगायचंय आणि मध्ये तुझं ‘अगं पण’ ऐकायचं नाहीये. तेव्हा मुकाट्यानं बस आणि वाच. कशावर बसला आहेस ते मात्र मला कळवू नकोस. कामगारांच्या त्या खोलीतल्या खुर्च्यांचं वर्णन तू एकदा केलं होतंस, तेवढं मला जन्माला पुरेल.

पोर मजेत आहे. दाराच्या चौकटीवर तू तिच्या उंचीची शेवटची खूण केली होतीस ती आता तिच्या खांद्याला लागते. शाळेतून आली की कुशनच्या कडेची दोरी शिवून देते, आणि चांगली शिवते. हात तुझ्यावर गेलाय, जीभ माझ्यावर. पुढे तिच्या वाट्याला येणाऱ्या गिऱ्हाइकांचं कठीणच आहे. परवा एक जण म्हणाला, सोफ्याला दोन दिवस फार होतात. तर ही म्हणते, काका, एका दिवसात हवा असेल तर चटई घ्या.

आता मुद्द्याचं. त्या थिएटरच्या खुर्च्यांबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. चारशे खुर्च्यांची ऑर्डर! आपण दोघं त्या दिवशी लहान मुलांसारखे दुकानात नाचलो होतो. ते डाळिंबी कापड घेण्यासाठी फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं, फोमसाठी बँकेचं कार्ड घासलं, आणि थिएटरवाल्यानं एका सकाळी दाराला कुलूप ठोकून पोबारा केला. मग आपण जे केलं त्याला आपण ‘कसंतरी निभावतोय’ म्हणायचो. खरं म्हणजे याची टोपी त्याला घालत होतो. फायनान्सवाल्याचा हप्ता कार्डातून, कार्डाचा हप्ता फोनवरच्या त्या झटपट कर्जवाल्याकडून. आणि घरी येणारी पाकिटं? ती न उघडता दुकानातल्या बसक्या स्टुलाच्या बैठकीत कोंबायची आणि वरून टाके घालायचे, ही अक्कल जगात फक्त आपल्या दोघांनाच सुचू शकते. दुसरा कुणी ती माळ्यावर टाकेल, जाळेल. आपण शिवली! आणि टाके तरी कसे, एकसारखे, नजर लागावी असे. पाहता पाहता ते स्टूल इतकं टणक आणि उंच झालं की त्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाचे पाय लोंबकळायचे.

मग तू निघालास. आगगाडीच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून निघालास, आणि दारात म्हणालास, कर्ज फिटल्याशिवाय मी परत यायचा नाही, आणि तू कुणापाशी तोंड उघडू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मान डोलावली. तुझा चेहराच तसा झाला होता. नऊ वर्षं लागतील असा तुझा हिशेब होता. मी मनात पोरीच्या वयात नऊ मिळवले आणि आत जाऊन मशीन चालू केलं, म्हणजे रडण्याचा आवाज तुला ऐकू जाऊ नये.

तू गेल्यावरचा पहिला हिवाळा वाईट गेला. तुझे पैसे यायचे आणि जो सर्वांत मोठ्यानं ओरडेल त्याच्याकडे जायचे. झटपट कर्जवाले दिवसातून दहादा फोन करत, म्हणून त्यांना आधी. कार्डवाली मुलगी फार गोड बोलायची, तिला नाही म्हणवत नसे, म्हणून तिला त्याखालोखाल. आणि आपल्या मालकीणबाई, ज्या कधीच भाडं मागायच्या नाहीत, उलट जिन्यात भेटल्या की पोरीची चौकशी करायच्या, त्यांना काहीच नाही. भीड बघ कशी उलटी! एके दिवशी त्यांच्या भाच्यानं नोटीस आणून दिली. थकलेलं भाडं भरा, नाहीतर दुकान आणि वरची खोली दोन्ही रिकामी करा. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तू तिथून काय करणार होतास? जेवायचा थांबला असतास, एवढंच.

आता तुला हसू येईल असं सांगते. वसुलीवाला तो गॉगलवाला आठवतो? पहिल्यांदा दमदाटी करायला आला तेव्हा तू त्याच्या मोटरसायकलची फाटकी सीट पाहून कळवळलास आणि फुकटात नवं कव्हर चढवून दिलंस. मी तेव्हा तुला काय काय बोलले होते! चोराला शिडी लावून देणारा माणूस म्हणाले होते. तर नोटीस आली त्याच आठवड्यात तो आला. मी दुकानात कापडाच्या ताग्याला टेकून बसले होते, उठलेसुद्धा नाही. त्यानं गॉगल काढला. गॉगलाशिवाय तो अगदी गरीब दिसतो. म्हणाला, ‘वहिनी, मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका, माझी नोकरी जाईल. वाचनालयाच्या मागच्या खोलीत कर्जाचा सल्ला देतात. फुकट. माझं स्वतःचं गाडं तिथूनच रुळावर आलं.’ आणि गाडीला किक मारून गेला. तुझ्या त्या एका सीटकव्हरचे पैसे वसूल झाले, कारागीर. मी माझे शब्द मागे घेते.

मी गेले. तुझा शब्द मोडून गेले आणि त्याबद्दल मला तसूभरही वाईट वाटत नाही. पाकिटं घेऊन या, असं तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. टाके उसवायला बसले तर हात चालेना. घरात एकटीनं ते उघडायची हिंमतच होईना. शेवटी स्टूलच उचललं काखेत आणि गेले. रस्त्यात लोक बघत होते, बघू देत. त्या खोलीत सल्लागार बाई म्हणजे वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, सर्दीनं नाक लाल झालेली, आणि बसली होती ती खुर्ची डाव्या बाजूला पार खचलेली. मी तिच्यासमोर स्टूल ठेवलं आणि म्हटलं, कर्ज यात आहे. तिनं एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ड्रॉवरमधून कात्री काढून माझ्या हातात दिली. हसली नाही, हे तिचे मोठे उपकार. मी तिथंच जमिनीवर बसून टाके कापले आणि ती एकेक पाकीट फोडून तारखेप्रमाणे लावत गेली. दुपार झाली. मध्ये मला रडू फुटलं तेव्हा तिनं आपल्या रुमालांच्या खोक्यातला एक मला दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही दोघी नाक पुसत पुढे कामाला लागलो.

ती म्हणाली ते मला आता पाठ झालंय. ज्याचा आवाज मोठा त्याचा हक्क मोठा, असं नसतं. तुमच्या डोक्यावरचं छप्पर कोण काढू शकतं? वीज कोण तोडू शकतं? त्यांचं आधी. मग घरातलं खाणं आणि पोरीची शाळा. उरेल त्यातून बाकीच्यांना, ज्याचं जेवढं देणं तेवढा त्याचा वाटा, आणि एका कर्जासाठी दुसरं कर्ज पुन्हा कधीही नाही. इतकं साधं! मला रागच आला, म्हटलं, बाई, हे कुणी आधी का नाही सांगितलं? मग लक्षात आलं, सांगणार कोण आणि कुणाला, आपण तर मूठ झाकून बसलो होतो. सव्वा लाखाची कसली, त्या मुठीत नुसतं व्याज होतं.

तिनं आणि मी मिळून प्रत्येकाला पत्र लिहिलं. आमची मिळकत ही, खर्च हा, देऊ शकतो ते एवढं, व्याज आणि दंड थांबवा. मला वाटलं होतं, हसतील. पण फायनान्स कंपनीनं मानलं, बँकेनं थोडी घासाघीस करून मानलं. मालकीणबाईंकडे मी स्वतः गेले आणि सगळं सांगितलं. त्या भाच्यावर अशा भडकल्या की मलाच त्याची बाजू घ्यावी लागली. थकलेलं भाडं चालू भाड्यासोबत थोडं थोडं देत फेडायचं ठरलं आणि दुकान राहिलं. राहिले ते झटपट कर्जवाले. त्यांनी तुझ्या बहिणीला फोन करून आपली बदनामी केली. बाई म्हणाली, नातेवाइकांना असे फोन करायचा त्यांना अधिकार नाही, आपण तक्रार करू, आणि तोवर त्यांना दोनच शब्द ऐकवायचे. लेखी द्या. दुसऱ्या दिवशी फोन आला. तो माणूस अंगावर आल्यासारखा बोलायला लागला. मी म्हटलं, लेखी द्या. तो म्हणाला, काय? मी म्हटलं, तुम्ही आता जे बोललात ते सगळं लेखी द्या, खाली तुमचं नाव लिहा. अरे, काय सांगू तुला! आपल्याला दोन वर्षं पळता भुई थोडी करणारा तो माणूस चक्क ‘बघतो, मॅडम’ म्हणाला. मॅडम! मी त्या दिवशी पोरीला आइस्क्रीम खायला घातलं. शेवटी त्यांनीही नुसती मूळ रक्कम हप्त्यांनी घ्यायचं मान्य केलं.

आता एक गोष्ट सांगते, रागावायचं असेल तर रागाव. मी ते डाळिंबी कापड कापलं. गिऱ्हाइकाच्या मालाला कात्री लावायची नाही, हा तुझा नियम, आणि थिएटर कधीतरी उघडेल ही तुझी आशा. पण कापडाचे पैसे आपण दिलेत, मग माल आपला, हे बाईनं समजावलं तेव्हा मला पटलं. पहिली कात्री मारण्याआधी मी तो तागा दोनदा परत गुंडाळून ठेवला हे खरं. तिसऱ्यांदा नाही ठेवला. आधी न्हाव्याच्या तीन खुर्च्या केल्या, मग दातांच्या डॉक्टरची बाकं, मग शाळेच्या सभागृहाचं सगळं काम मिळालं. तू येशील तेव्हा बघ, आपल्या भागात कुठंही टेकलास तरी आपल्याच कापडावर बसशील. लोक म्हणतात हा रंग आता फॅशनमध्ये आहे. असू दे बापडी! शेवटच्या ताग्यातलं कापड मी सल्लागार बाईच्या खचलेल्या खुर्चीला वापरलं. तिला भेट म्हणून द्यायची होती, पण भेटी घेता येत नाहीत म्हणे. तिनं रीतसर पैसे मोजले आणि पावती मागितली. मला तिचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

तू म्हणशील, इतके दिवस मला अंधारात का ठेवलंस. तर बाबा, अर्धी झालेली खुर्ची गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, हा नियम कुणाचा? तुझाच. खोटं मी एकदाही बोलले नाही. हप्ता गेला का, तर गेला. हप्ते संपायला किती उरले, हे तू कधी विचारलंच नाहीस. तुला ऐकायची भीती वाटत होती, ते मला कळत होतं. मलाही आधी भीतीच वाटत होती की एखादा फासा उलटा पडेल आणि तुझी आशा पुन्हा मोडेल. म्हणून मी एकटीनं टाके घालत राहिले. तुझी आठवण मात्र रोज आली. कापड दोघांनी ओढून धरायचं असतं, तिथं मी एक टोक टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात अडकवायचे, आणि दर वेळी वाटायचं, हा शिकंजा तुझ्यापेक्षा घट्ट धरतो खरा, पण एक शब्द बोलत नाही.

मालकीणबाईंचं थकलेलं भाडं आधीच फिटलं होतं, आणि सोमवारी मी कर्जाचा शेवटचा हप्ता भरला. आणि त्याच संध्याकाळी तुझ्या बहिणीचा फोन आला. चुकून बोलून गेली. तू कारखान्याशी आणखी पाच वर्षांचा करार करतो आहेस, येत्या एक तारखेला सही आहे, आणि त्यावर एकरकमी मोठी उचल मिळणार आहे, जिच्यातून तू इथलं सगळं देणं एकदम फेडणार आहेस. मला चकित करायचं म्हणून तू सांगितलं नव्हतंस. अरे वेड्या माणसा, दोघंही एकमेकांना चकित करायला बसलो होतो. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, माझं मन राखायला बोलतेय. म्हणून हे पत्र लिहिलं आणि सोबत तिन्ही कर्जवाल्यांकडून मिळालेले, देणं बाकी नसल्याचे दाखले जोडलेत. शिक्के नीट बघ, दोनदा बघ, खोलीतल्या सगळ्यांना दाखव. ती उचल घेऊ नकोस. सही करू नकोस. फेडायला काही उरलेलं नाही रे, एक पैसासुद्धा नाही. सामान बांध, आणि पत्र वाचून झालं की फोन कर, आणि त्यात फक्त ‘निघालो’ एवढंच म्हण.

तुझीच,
शिलाईवाली