पाटाचं पाणी

मलकापूर,
२२ एप्रिल २०२५

ती. बनुआत्यांस,

ऋषिराजचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? हे पत्र नातीकडून, पल्लवीकडून वाचून घ्या, पण दार लावून. शेजारणी नकोत.

परवा फोनवर तुम्ही "जेवलास का रं?" एवढंच विचारलंत. पल्लवीनं मात्र सगळं सांगितलं. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तुमची विहीर तळाला गेली, आणि बायका दारात येऊन म्हणतात, "आवं, तुमच्याच भाच्यानं पानी मोजलं नव्हं?" माझ्या नावानं त्यांना भरवसा तुम्हीच दिला होतात. आत्या, मला लाज वाटते.

डिसेंबरात तुमच्या विहिरीजवळच्या नगरपंचायतीच्या बोअरची चाचणी घेताना मी तुमच्या विहिरीतली पातळी मोजत होतो. तीन दिवस पंप चालला, तरी पाणी सातव्या पायरीखाली गेलं नाही. मी खुशीत बांधावर तुमची भाकरी खात बसलो. शेजारून कालवा भरून वाहत होता. तुम्ही म्हणालात, "ह्ये पानी पाटाचं हाय रं, हिरीचं न्हाई. पाट बंद झाल्यावर ये, मग मोज."

मी हसलो. म्हणालो, "आत्या, आता यंत्रं आलीत."

खरं तर तुमचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं. कॉलेजात हेच तर शिकलो होतो: कालवा वाहतो तोवर त्याचं पाणी झिरपून विहीर भरलेली दिसते. पण उन्हाळ्यापर्यंत थांबलो असतो तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं.

अजून एक आहे, ते लिहायला हात धजत नव्हता. अहवालात एक रकाना असतो: जवळच्या कालव्यात पाणी आहे का? मी तिथं 'नाही' लिहिलं. जाणूनबुजून. त्यावरच गावाची पाणीयोजना बेतली. सोमवारी त्याच अहवालावर आणखी तीन बोअर मंजूर होणार आहेत, तुमच्या विहिरीला लागूनच.

अहवाल खोटा असल्याचं पत्र आज मी मुख्याधिकाऱ्यांना पाठवलं. यापुढं मला कोण काम देईल, माहीत नाही. सोमवारी सकाळी येतो. आता पाट बंद आहे. सगळ्यांसमोर विहिरीत उतरून पायऱ्या मोजीन. तुम्ही काठावर उभ्या राहा.

दार लावून वाचा म्हणालो, ते राहू द्या. पल्लवी, दार उघड. बायकांना बोलव आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाच, खालच्या नावासकट.

तुमची भाकरी खाऊन खोटं लिहिणारा,
ऋषिराज