वाहराम उस्तांच्या झांजेचे भोक

मी, नुसरेत चाल्कान, वडिलांचे नाव दुर्सुन, वय एकोणपन्नास, राहणार समात्या, इस्तंबूल, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण गावच्या शाळेत पाच इयत्ता, पण अक्षर वाचता येईल. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला आणलेला नाही. त्याऐवजी गेल्या मंगळवारची सकाळ सांगतो. पहाटेची नमाज पढून मी, जिथे कामाला आहे तो झांजांचा कारखाना उघडला, ड्रमवरची एक जुनी झांज मांडीवर घेतली आणि तिचे झिजून लांबट झालेले भोक कानशीने घासत, मधल्या फुगीर वाटीच्या खऱ्या मध्याभोवती पुन्हा गोल केले. मग त्यात पितळी बुश, म्हणजे भोकाला अस्तर देणारी आखूड नळी, बसवला आणि त्याची कड हलक्या हातोडीने बाहेर वळवली. आच लावली नाही; आचेने झांजेचे कासे मुके होते. डोके फिरलेल्या माणसाला हे काम जमत नाही.

पुढच्या महिन्यात मी उमराहसाठी मक्केला जात आहे, म्हणून वाटण्या आताच करतो.

समात्यातील दोन खोल्यांचे घर माझी बायको गुल्देरेन हिचे. आम्हाला मूल नाही. घर तिने विकावे, भाड्याने द्यावे की त्यात मांजरे पाळावीत, हे तिला कोणी शिकवू नये.

गावच्या अक्रोडांतला माझा वाटा थोरला भाऊ झेकेरिया याचा. वाद्याच्या कमाईला बरकत नसते, असे तो मला तीस वर्षे सांगत आला. त्याच कमाईतून मशिदीचे छप्पर झाले तेव्हा मात्र गप्प होता. त्याने अक्रोड खावेत, माझ्यासाठी फातिहा पढावी, आणि जनाजाच्या वेळी माझ्या धंद्याबद्दल एक शब्दही काढू नये.

माझे तिन्ही हातोडे शेजारच्या ऐरणीवर काम करणाऱ्या शेवकीला. मधल्याची मूठ सैल आहे, तशीच राहू द्यावी.

कारखान्याचे मालक रेफिक बेय यांना माझ्याकडून काही नाही. कारण पुढे येते.

आता मंगळवारी दुरुस्त केलेली ती झांज.

ती सत्तावीस वर्षांपूर्वी माझे गुरू वाहराम उस्ता यांनी घडवली. आमच्याकडे झांजेवर ज्या उस्ताचा शिक्का, तिच्यातल्या प्रत्येक खोटीचा जाब त्यानेच द्यायचा असतो. भोक पाडण्याचे काम माझे होते. रमजानचा शेवटचा दिवस, मला ईदसाठी गावची गाडी पकडायची होती. वाटीचा मध्य परकाराने न काढता मी नजरेने धरला. जवभर चुकला. उस्तांनी माझ्या भरवशावर न मोजता शिक्का मारला. झांज एका अंगाला जड झाली आणि गिऱ्हाइकाने ती परत आणली.

रेफिक बेय सगळ्यांसमोर म्हणाले, "उस्ता, डोळे गेले तुमचे. आता घरी बसा, नातवंडं खेळवा."

उस्तांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. त्यांनी कामाचा अंगरखा काढून खुंटीला लावला आणि पुन्हा आले नाहीत. चौथ्या वर्षी वारले. वाहराम उस्तांची नजर गेली होती, असे कारखान्यात आजही सांगतात. मी ते ऐकत आलो.

तेव्हा स्वस्तात विकून टाकलेली तीच झांज या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या ड्रमवाल्याने आणली. जड बाजू कायम खाली, त्यामुळे स्टँडच्या दांड्याने भोक एकाच अंगाला खाल्ले होते. रेफिक बेय म्हणाले, "टाक भट्टीत. असल्या दुरुस्त करत बसलास तर नव्या घेणार कोण?" आमच्याकडे झिजलेल्या झांजा भट्टीतच जातात. मी म्हाताऱ्याला माझ्या हातची नवी झांज दिली आणि ही ठेवून घेतली.

मक्केला जाण्याआधी ज्यांचा हक्क आपण मारला त्यांच्याकडून माफी मागून तो सोडवून घ्यावा लागतो. मेलेल्याचा असेल तर वारसाकडे जावे लागते. झेकेरिया फोनवर म्हणाला, "अरे, आर्मेनियन ख्रिस्ती माणूस तो, मरूनही जमाना झाला. त्याच्या हक्काचं तुला काय पडलंय?"

मी म्हटले, "आबी, भोक चुकवताना मी त्यांचा धर्म विचारला नव्हता. आता कशाला विचारू?"

म्हणून लिहून ठेवतो: भोक मी चुकवले. वाहराम उस्तांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. याबद्दल मला कामावरून काढले तरी हे वाक्य खोडले जाणार नाही.

झांज उस्तांची मुलगी आराक्सी यांची; थोरल्या बहिणीच्या जागी म्हणून मी त्यांना अबला म्हणतो. हे कलम मात्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. काल दुपारी कारखान्यात भट्टीसमोर उभा राहून मी वरची तीन वाक्ये मोठ्याने वाचली. मग झांज काखेत घेऊन आराक्सी अबलांचे चार मजले चढलो आणि त्यांनाही तेच सांगितले.

त्या म्हणाल्या, "चार मजले चढायला सत्तावीस वर्षं लागली तुला?"

मग त्यांनी झांज बोटावर तोलली. ती कुठल्याच बाजूला कलली नाही. नखाने टिचकी मारून आवाज विरेपर्यंत त्या थांबल्या.

"माझा हक्क मी सोडला," त्या म्हणाल्या. "बाबांचा मी कशी सोडू? तो मेल्यावर तिकडे, त्यांच्यासमोर जाऊनच माग."

मागेन. झांज त्यांच्याकडे ठेवून आलो आहे.

ठिकाण: समात्या, इस्तंबूल
दिनांक: १३ ऑक्टोबर २०१८
सही: नुसरेत चाल्कान

साक्षीदार:
१. इदरिस काराबुलुत, भट्टीवाला. काल वाचले तेव्हा हजर. (सही)
२. रेफिक बेय, मालक. काल वाचले तेव्हा हजर. सहीला नकार दिला. जागा मोकळी ठेवली आहे.