माझ्या मापाची बाई

३ ऑगस्ट

पोचले एकदाची! अंग आंबून गेलंय, पाय सुजलेत, पण खोली बघून सगळा शीण पळाला. दुसरा मजला, मोठी खिडकी, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आणि समोरच्या इमारतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातलेले कपडे. एका शर्टाची कॉलर इतकी वाकडी शिवलीय की खाली उतरून उसवून द्यावीशी वाटली. परदेशात आले तरी खोड काही जात नाही.

पलंग, टेबल, एक खुर्ची आणि माझ्याहून उंच आरसा. घरमालकीण तोंडभर हसते आणि प्रत्येक गोष्टीला मान डोलावते. मी गरम पाणी कधी येतं विचारलं तरी डोलावली, येत नाही का विचारलं तरी डोलावली. इथल्या भाषेतले मला चारच शब्द येतात, पण तेवढ्यावर भागेल.

ही वही आईने निघताना पिशवीत कोंबली. पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन, तोवर सगळं पोटात ठेवून फुगू नकोस, यात लिहीत जा, म्हणाली. ठकीचा फोटो पलंगासमोर लावलाय. ठकीचे बाबा गेल्यापासून ती माझ्याशिवाय कधी झोपली नव्हती. एक वर्ष, ठके. काम पक्कं झालं की तुला इथे आणते की नाही बघ.

६ ऑगस्ट

कारखाना पाहिला. मी नमुन्यांच्या खोलीत आहे. नव्या ऑर्डरीचा पहिला कपडा इथे बेतायचा, शिवायचा, बसतो का बघायचा, मग खाली शेकड्याने निघतो. लांबलचक टेबल, भरपूर उजेड, कात्र्या अशा की हातात घेतल्यावर ठेववत नाहीत.

आमच्या मुख्य बाईंच्या ओठांत सतत टाचण्या असतात. बोलतात त्याही टाचण्यांच्या फटीतून, मोडक्यातोडक्या हिंदीत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव टाचणीबाई ठेवलंय. माझ्या शेजारी काजं करणारी बसते. गळ्याला घट्ट रुमाल, तोंडातून चकार शब्द नाही. मी हसले, तर तिने नुसतं बघितलं. असतात काही माणसं घुमी.

भिंतीशी पुतळ्यांची रांग आहे. इथली पद्धत अशी की खोलीतल्या प्रत्येक बाईच्या मापाचा एक पुतळा करायचा आणि कपडे त्यावर घालून बघायचे, म्हणजे कामावरून सारखं उठायला नको. आत भरायला मात्र जिचा पुतळा तिचेच जुने, वापरून मऊ झालेले कपडे लागतात. नुसत्या कापसाने पुतळ्याला अंग येत नाही, असं टाचणीबाई म्हणाल्या. मी माझा घरातला गाऊन देऊन टाकला. धुऊन धुऊन त्याचा रंग कुठला होता तेही आठवत नाही. काजवाली माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको. गाऊनची लक्तरं बघून म्हणत असेल. मला लाजच वाटली.

१४ ऑगस्ट

माझी बाई तयार झाली! काय हुबेहूब केलीय. मशिनवर वाकून वाकून माझा उजवा खांदा उतरलाय, तिचाही उतरलाय. बाळंतपणानंतरचं पोट तसंच. सासूबाईंनी आयुष्यभर माझ्यातली खोट काढली, पण त्यांनाही इतकं सगळं सापडलं नसतं. डोकं नाही, मानेवर लाकडी झाकण आहे. हात कापडाचे, खांद्याला आकड्याने अडकवलेले. बिनबाह्यांचा कपडा असला की काढून ठेवता येतात.

टाचणीबाई आज माझ्या खोलीवर डोकावल्या होत्या. ठकीचा फोटो बराच वेळ बघितला, वय विचारलं. थंडीत लहान मुलांच्या कपड्यांची ऑर्डर यायची आहे म्हणाल्या. पोरीची अंगलट छान आहे म्हणाल्या. मला कोण आनंद झाला.

२५ ऑगस्ट

आज जरा आगाऊपणा केला. नव्या स्कर्टची कंबर माझ्या बाईला मिटेना. खालच्या मजल्यावरून सारखी विचारणा. स्कर्ट उसवायचा तर दुपार गेली असती. मग मी तिच्याच कंबरेला जाड पट्टी आवळली, चांगली दोन बोटं आत घेतली आणि टाके घालून टाकले. माझ्याच कंबरेत सारखी चमक मारत होती, बसून बसून असेल. इतकी वर्षं लोकांची पोटं कपड्यात लपवली, म्हटलं एकदा आपलंही लपवू. स्कर्ट असा बसला म्हणता! टाचणीबाईंनी बघितलं आणि वहीत काही तरी टिपून घेतलं.

२८ ऑगस्ट

सलवार कंबरेवर राहत नाही. नाडी आवळली तरी घसरते. आरशात बघितलं तर कंबर लग्नाच्या फोटोत होती तशी! इथलं जेवण मानवलं बहुतेक. रविवारी फोटो काढून आईला पाठवते. ती काळजीत पडेल, पण ठकी म्हणेल आई नवरीसारखी दिसते.

११ सप्टेंबर

काय लिहू कळत नाही. सकाळी कापड कापत होते, एकदम उजव्या खांद्यात कळ आली. एक, मग तिच्या शेजारी दुसरी. वळून बघते तर टाचणीबाई माझ्या बाईच्या खांद्यावर कापड टाचत होत्या. न्हाणीघरात जाऊन ब्लाउज उतरवला. लाल ठिपके, ओळीने.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. मी बाईच्या पाठीत अंगठा दाबला. माझ्या पाठीत अंगठा रुतला.

पुन्हा दाबला. पुन्हा.

१२ सप्टेंबर

टाचणीबाईंना सांगितलं. वाटलं हसतील. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या, हे मी पहिल्यांदाच बघितलं. मग समजूत घालावी तसं शांतपणे सांगितलं की या खोलीत सगळ्यांचं असंच आहे, हळूहळू सवय होते. कंबर तर मी स्वतःच्या हाताने बारीक केली, तेव्हा तक्रार नव्हती, हेही सांगितलं.

मी घरी जाते म्हटलं. जा म्हणाल्या. दार उघडंच आहे, कुणी अडवणार नाही. बाई मात्र इथेच राहील, ती कारखान्याची आहे.

जाऊ तरी कुठे? मी तिकडे आईच्या स्वयंपाकघरात बसले असेन आणि इथे कुणी तरी कात्री हातात घेईल.

१५ सप्टेंबर

आज सगळ्यांच्या आधी गेले. म्हटलं आतला गाऊन काढून घ्यावा म्हणजे सुटले. बगलेखालची शिवण उसवली. चार टाके निघेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी दोन बोटं आत घालून गाऊनचं टोक धरलं आणि ओढलं.

शुद्धीवर आले तेव्हा काजवाली माझ्या बाईची शिवण घालत होती. हलक्या हाताने, बारीक टाके. प्रत्येक टाका मला कळत होता. शिवून झाल्यावर तिने स्वतःच्या गळ्याचा रुमाल सोडून दाखवला. गळ्याला ओरखडाही नाही; ओठ हलवले, पण आवाज नाही. मग तिचा पुतळा दाखवला. त्याची मान खोल कापलेली आहे.

ती घुमी नाही. आणि त्या दिवशी ती गाऊनला नावं ठेवत नव्हती. मी किती मूर्ख!

एकदा आत घालून शिवलं की संपलं, तिने खुणांनी सांगितलं. शिवायच्या आधी काढलं असतं तर काही झालं नसतं.

४ ऑक्टोबर

मोठ्या गळ्याच्या कपड्यांची ऑर्डर आली आहे. टाचणीबाई सगळ्या पुतळ्यांच्या माना बघत फिरल्या. माझ्या बाईपाशी थांबल्या. खडूने रेघ मारली.

मी हात जोडले. हिंदीत, चार शब्दांच्या इथल्या भाषेत, जे जे येत होतं ते सगळं बोलले. त्या मान डोलावत राहिल्या, घरमालकिणीसारख्या.

५ ऑक्टोबर

रक्त नाही. जखम नाही. आवाज गेला.

११ ऑक्टोबर

रविवार. पोस्टातून घरी फोन लावला, आल्यापासून पहिल्यांदाच, पैसे फार पडतात. लावायला नको होता, पण तिचा आवाज तरी ऐकावा म्हणून लावला. ठकीने उचलला. लांबचा फोन म्हणजे मीच असणार. हॅलो आई, हॅलो आई. तिला दात पडल्याचं सांगायचं होतं, सांगितलं. मग म्हणाली, आई बोल ना गं. मी रिसीव्हर दातांवर आपटला, टिचक्या वाजवल्या. आजी, फोनमध्ये कुणीच नाहीये, असं ओरडून तिने ठेवून दिला.

मी होते गं.

बूथमध्ये बसून रडले. रडायलासुद्धा आवाज लागतो.

२ नोव्हेंबर

हे डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वाईट आहे. एका खांद्याच्या झग्याची ऑर्डर. बाईचा उजवा हात आकड्यावरून काढला आणि काचेच्या कपाटात ठेवला. माझा आहे जागेवर, नुसता लोंबतोय. चिमटा काढला तर कळत नाही. चावून पाहिला. कपाटाची किल्ली टाचणीबाईंच्या कमरेला.

कात्री धरता येत नाही म्हणून मला आता कापडं मोजायला बसवलंय.

ठकीची वेणी मी उजव्या हाताने घालायचे.

९ नोव्हेंबर

आईचं पत्र. उतरवून ठेवते, माझा विश्वास बसत नाही.

“तुझ्या ऑफिसचं पत्र आलं हो. किती चांगली माणसं आहेत! तुला सांगायचं नाही म्हणाले, पण मला कुठलं राहवायला. आपल्या ठकीला ते नवीन कपडे करणार आहेत, मापासाठी तिचे जुने वापरातले फ्रॉक मागवलेत. मी नवेच पाठवणार होते, पण पत्रात स्पष्ट लिहिलंय, जुनेच हवेत. दोन बांधलेत, उद्या पार्सल करते. पिवळा द्यायला कार्टी तयारच नव्हती, लपवून काढून आणला. तुझं एकही पत्र नाही. कामात आहेस ना? जेवत जा.”

पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. पार्सलही तेव्हाच निघालं असणार.

धावत गेले. रांगेच्या शेवटी एक छोटा पुतळा उभा आहे. माझ्या कंबरेएवढा. मानेतून पिवळं कापड डोकावत होतं.

वरची शिवण अजून उघडी होती. पण टाचणीबाई शेजारीच बसल्या होत्या.

१० नोव्हेंबर

काढला!! जेवणाच्या सुट्टीत. काजवाली दारात उभी राहिली. डावा हात आत घातला, फ्रॉक धरला, हळूच, श्वाससुद्धा घेतला नाही. निघाला. त्याच्या जागी चिंध्या भरल्या, कुणाला कळलं नाही. दुपारी टाचणीबाईंनी मान शिवून टाकली. शिवा म्हटलं, खुशाल शिवा, चिंध्याच आहेत.

फ्रॉक उशाखाली आहे. अजून तिच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले.

११ नोव्हेंबर

दोन. आईने दोन लिहिलंय. दोन बांधलेत.

मी मघाशी पत्र पुन्हा — वर उतरवलंय, माझ्याच अक्षरात — दोन फ्रॉक. पिवळा वर होता. दुसरा खाली. पोटाशी. मी खालपर्यंत हात घातलाच नाही. आनंदात —

दुसरा कुठला? लाल असेल. खिशाचा. त्या खिशात ती चिंचोके ठेवायची.

आणि आता वरून शिवलंय. माझ्यासमोर शिवलं. मी बघत उभी होते.

१२ नोव्हेंबर

तार केली. कारकुनाने वाचली, बरोबर आहे म्हणाला. फ्रॉक पाठवू नका. आता काय उपयोग. दुसरं काय लिहायचं होतं? ठकी कशी आहे? कशी आहे ते मला आईच्या आधी कळेल. तिकडे कुणाला काही कळणार नाही, डॉक्टरकडे नेतील —

टाचणीबाईंनी संध्याकाळी छोट्या पुतळ्याला मापपट्टी लावली. ऑर्डरीच्या मापापेक्षा पोट जरा सुटलंय म्हणाल्या. उद्या आत घेऊ म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर, सकाळ

निघतेच आहे. सगळ्यांच्या आधी पोचेन. काजवालीने बारीक कात्री दिलीय, चोळीत ठेवलीय. शिवण अगदी खालून उसवायची, एकेक टाका. ठकीला दुखेल. मला दुखलं तसं दुखेल. शिवलं की संपलं हे माहीत आहे, तरी करून बघायचं. पण नाही काढला तर — एकदाच दुखेल, ठके, मग कधीच नाही. डोळे मिटून घे. आजीला घट्ट धर. आईचा हात हलका आहे, तुझा काटा काढताना तू कधी रडलीस का? एक हात पुरे आहे मला. डावा आहे अजून. तेवढा एक

डाव्या खांद्याला काही तरी

आकडा — कुणी तरी माझ्या आधीच तिथे — नको, आजच्या दिवस नको, तिचा फ्रॉक अजून आत