तीन आणि एक

३ मार्च, मंगळवार

रेकॉर्ड आली! त्या चौघांच्या बँडची पहिली, नव्याने छापलेली. सतरा वर्षांचा असताना हिची कॅसेट एवढी घासली होती की शेवटी गाण्यापेक्षा खरखरच जास्त पाठ झाली. आज खोकं दातांनीच फाडलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची ही तऱ्हा. बायको म्हणाली, "लग्नातसुद्धा तुम्ही एवढे खूश नव्हता." नव्हतोच. पण असं बोलून दाखवायचं नसतं.

पहिल्या गाण्याआधी ड्रमवाला काड्या एकमेकींवर आपटून चार मोजतो. टक टक टक टक — आणि गिटार अंगावर येते. झोपेतून उठवलं तरी सांगेन. आज तीनच वाजले. तीन, मग रिकामी जागा, मग गिटार.

परत लावलं. तीन.

लेक शेजारीच अभ्यास करत होती. तिला विचारलं, किती वाजले? मान वर न करता म्हणाली, "चार. बाबा, तुम्हाला चारपर्यंत येत नाही का?"

सात वेळा लावलं. तिला चार, मला तीन. शेवटी ती वही उचलून आत गेली.

५ मार्च, गुरुवार

दिवसभर बूथ. लोकांना वाटतं कान तपासायचे म्हणजे आत टॉर्च मारायचा. माझं काम वेगळं. फोमने मढवलेली कपाटाएवढी खोली, जाड दार, एक काच. माणसाला हेडफोन घालून आत बसवायचं, हातात बटण द्यायचं. मी बाहेरून बारीक सूर सोडतो. ऐकू आला की त्याने दाबायचं. बस्स.

आज एक निवृत्त मास्तर आले होते. मी काही सोडलेलं नसताना भराभर दाबत होते. दवाखान्यात आम्ही त्याला 'हवेतलं बटण' म्हणतो. होतं असं. माणसाला एवढी शांतता सोसत नाही, मग कान आपलाआपण काहीतरी तयार करतो. मास्तरांना हे अगदी छातीठोकपणे समजावून सांगितलं.

संध्याकाळी आई कप मांडत होती. "एक, दोन, तीन… आणि एक." ही तिची खोड. ताटं असोत, चमचे असोत, चार म्हणून म्हणायचं नाही. पाचाला सरळ पाच म्हणते, चार तेवढा गिळते. लेक तिची हुबेहूब नक्कल करते. मी आज पहिल्यांदाच विचार केला, ही खोड कधीपासूनची?

६ मार्च, शुक्रवार

ते चौघं येताहेत. २१ तारखेला, गावाबाहेरच्या मैदानावर. शेवटचा दौरा. दोन तिकिटं घेतली.

"दुसरं कुणाला?" बायकोने विचारलं. तिचं या गाण्यांनी डोकं उठतं, लेकीला हसू येतं. दादा आणि मी ठरवलं होतं — ते कधी आले तर दोघांनी जायचं. दादाला जाऊन बारा वर्षं झाली. तिकिटं काढताना बोटांनीच दोन दाबलं.

९ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, माझी तपासणी करा. हसल्या. "हलवायाला गोड खायला सांगताय." तरी बसल्या यंत्राशी.

बूथमध्ये आतल्या बाजूला मी क्वचितच बसतो. दार लागलं आणि स्वतःचा गिळण्याचा आवाज ऐकू आला. उजवा कान नीट झाला. मग डावा. सूर लागोपाठ येत होते, मी दाबत होतो. सोपं होतं.

बाहेर आलो तर बाई आलेखाकडे बघत बसलेल्या. "उजवा वयाच्या मानाने चांगला आहे. डावा जवळजवळ गेलाय. कुठे उभे राहायचा हो तुम्ही, बँडमध्ये होतात तेव्हा?" म्हटलं, दादाच्या झांजेच्या उजवीकडे. पंधरा वर्षं. "मग बरोबर," म्हणाल्या. आणि आलेखावर बोट ठेवून — "पण डाव्याला मी काही सोडलं नव्हतं तेव्हाही तुम्ही दाबत होता. तीन वेळा, सारख्या अंतराने. मग गप्प. परत तीन. ताल धरत होता काय?"

मी हसलो. हसण्याखेरीज काय करणार? मी हवेत दाबलं नव्हतं. मला काड्या ऐकू येत होत्या. आणि त्या रेकॉर्डवरच्या नव्हत्या. दादाची एक काडी चिरलेली होती, तिला तो चिकटपट्टी गुंडाळायचा. तिचा आवाज बसका यायचा. तोच बसका आवाज.

१० मार्च, मंगळवार

आज बूथच्या आत पाय ठेवला नाही. फोम झटकायचा राहिला.

१२ मार्च, गुरुवार

एक आजी हेडफोन काढायला विसरल्या, गळ्यात अडकवूनच निघाल्या, वायर तुटली. बदलायला आत जावंच लागलं. दार मागे आपोआप लागलं.

"एक."

काड्या नव्हत्या. आवाज होता. जरा घोगरा, दम लागलेला.

"दोन. तीन."

मग काही नाही. मी वाट बघत उभा राहिलो, वायर हातात धरून. खरं लिहायचं तर घाबरून उभा राहिलो. आवाज हेडफोनमधून येत नव्हता. खालून येत होता. कुणी चार पायऱ्या खाली उभं राहून वर बघत बोलावं, तसा. बूथची जमीन सपाट आहे.

१४ मार्च, शनिवार

हे कुणी वाचणार नाही. एकदाचं लिहून टाकतो.

तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती. दादा ड्रमवर, मी बेसवर, आणि माझा स्पीकर म्हणजे फ्रिजएवढी पेटी. कार्यक्रम असला की ती जिन्यावरून दोघांनी उतरवायची. खालची बाजू नेहमी दादाची, जड म्हणून. थोरला ना.

दादाचा एक नियम होता. सगळं जग तीनवर हलतं, आपण चारवर. उचलायचं तरी चार, ठेवायचं तरी चार. मी शिकत होतो तेव्हा चुकायचो, तर म्हणायचा, "चार हा कानाने ऐकू नकोस, हाताने ऐक. डोकं मागाहून येऊ दे." आमच्या घरात सोफासुद्धा चारवर सरकायचा. आईसुद्धा तसंच मोजायची.

त्या दिवशी वळणावर पकड बदलायला पेटी पायरीवर टेकवायची होती. आधीचा सगळा आठवडा मी सासऱ्यांचं बिऱ्हाड हलवत होतो. तिथे कपाटं, पलंग, सगळं तीनवर. हातांना तीनची सवय लागलेली. दादाने खालून मोजलं. एक. दोन. तीन.

माझे हात सुटले.

पेटी त्याला घेऊन गेली. पुढचं लिहीत नाही.

आई वर दारात उभी होती. सगळ्यांना तिनेच सांगितलं, पाय घसरला. डॉक्टरांना, पोलिसांना, भेटायला आलेल्यांना — घसरला. मीही मान डोलावली. बारा वर्षं डोलावतोय. तिने काय पाहिलं ते मी विचारलं नाही, तिने काही काढलं नाही. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे. तिला सांगायचं राहिलं तर मी माणसात जमा नाही. आणि सांगितलं तर तिचा उरलेला मुलगाही गेला.

१५ मार्च, रविवार

सांगायला बसलो होतो. घरात दोघंच. "आई, दादाचं एक बोलायचंय" एवढं म्हटलं. तिने कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. "बॅटरी संपत आलीय. उद्या सांग." परवाच मी नवी घातली होती.

मग खिडकीकडे वळली. आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "जिन्यात कोण आहे रे?"

या घराला जिना नाही. दादा गेल्यावर तळमजल्यावरचंच घर हवं म्हणून ती हटून बसली होती.

१८ मार्च, बुधवार

आईला दवाखान्यात आणलं, मशीन जुळवायला. बूथमध्ये बसायला तयार होईना. "मला त्या कपाटात नको कोंडूस." शेवटी बाहेरच बसवून जुळवलं. म्हटलं, आता बघ, पानाची सळसळसुद्धा येईल. म्हणाली, "मला कमी येतं म्हणून कोण रडतंय? जे येतं ते जात नाही, ते आधी बघ."

"काय येतं?"

परतताना रिक्षात एकदम म्हणाली, "ते दुसरं तिकीट मला दे."

२० मार्च, शुक्रवार

सगळ्यांनी समजावलं. उभं राहावं लागतं, गर्दी, भिंती हादरतील एवढा आवाज. आई म्हणाली, "मशीन घरी ठेवेन." यावर बोलणार काय! लेकीने तिला माझा काळा टी-शर्ट घालायला लावला, छातीवर कवटी असलेला. आरशात बघून आई म्हणाली, "हा एवढा का हसतोय?"

दादाला हे फार आवडलं असतं.

२१ मार्च, शनिवार

जाऊन आलो. लगेच लिहितो.

उजेड होता तोवरच सुरू झालं. मैदान माणसांनी फुललेलं. माझ्यासारखेच सगळे, पोट सुटलेले, केस गेलेले, डोळे मात्र सतराचे. आईला खुर्ची मिळाली. ते चौघं आले. म्हातारे झालेत. मी रडलो, त्यात लाज कसली.

त्यांची एक रीत आहे. पहिल्या गाण्याआधी ड्रमवाला काड्या उंच धरतो आणि सगळं मैदान त्याच्याबरोबर मोजतं. एक — हजारो गळे, छातीत गडगडलं. दोन. तीन.

चारला आवाज गेला. माझ्या समोर, बाजूला, जिथवर दिसत होतं तिथवर माणसांची तोंडं उघडी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आणि आवाज शून्य. बूथचं दार लावल्यासारखं. मग गिटार आली आणि सगळं परत सुरू झालं.

मी आईकडे बघितलं. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते. कानांवर नाही. तोंडावर.

२२ मार्च, रविवार

सांगितलं. सकाळी, ती उन्हाला बसली असताना. मशीन मीच तिच्या कानात बसवलं, काढू नये म्हणून हात धरून ठेवला. तीनवर सोडली, आई. तो घसरला नाही. मी सोडली.

ती कितीतरी वेळ माझ्या हाताची बोटं चाचपत राहिली. मग म्हणाली, "तीनवर नाही सोडलीस तू."

"आई, मला माहीत आहे मी काय केलं ते."

"तुला काही माहीत नाही. तो तीन म्हणून थांबला होता. पाय ठेवायला जागा बघत होता. मी वरून बघत होते. ओट्यावर दूध तापत ठेवलेलं. मला वाटलं, किती वेळ घोळ घालताहेत ही पोरं. चार मी म्हटलं."

मी बोटं मागे घेतली.

"मी म्हटलं, आणि तू सोडलीस. शिकवल्याप्रमाणे सोडलीस. तो तयार नव्हता." मग म्हणाली, "रोज तीनपर्यंत मोजतो आणि थांबतो. माझी वाट बघतो. मी नाही म्हणत. परत कधी म्हणणार नाही."

बारा वर्षं एका घरात दोघं एकच जिना ऐकत होतो आणि एकमेकांना कप देत होतो.

पण आता रात्र झाली आणि डोकं चालायला लागलंय. मला तो चार आठवत नाही. खूप आठवून बघितलं. तीन, आणि हात सुटले, एवढंच. मला वाटतं आई माझ्यासाठी खोटं बोलते आहे. घसरला म्हणाली होती, तसंच. उरलेल्या मुलासाठी आई काय वाटेल ते अंगावर घेईल. तिच्यावर हे ढकलून मी मोकळा होणार नाही.

२३ मार्च, सोमवार

पेशंट यायच्या आधी बूथमध्ये जाऊन बसलो. यंत्र बंद. हातात बटण. दार ओढून घेतलं.

एक. दोन. तीन. दादा, खालून, दम लागलेला.

मग वरून, घाईत: "चार."

आईचा आवाज. बारा वर्षांनी लहान. माझी बोटं आपोआप उघडली आणि बटण खाली पडलं.