खिशातला आवाज

दीना,

हे पत्र इस्रायलला धाडणार नाहीच, म्हणून खरं लिहितो.

तुझ्या कादंबरीचं रेडिओनाटक मी लिहिलंय. काल पेणला शेवटच्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग झालं. त्यात तुम्ही अष्टमी गावातलं घर सोडून निघता आणि पुलापर्यंत सोबत आलेला शेजारी दुःखानं एक शब्द बोलत नाही. तो शेजारी मीच, हे कळलं मला.

रेकॉर्डिंग करणारा प्रणित वैतागला. "काका, रेडिओवर नुसतं गप राहून नाय चालत. लोकांना वाटंल स्टेशन बंद पडलं. कायतरी आवाज द्या!"

मी गडबडून खिशात हात घातला. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला.

"हाच ठेवू!" तो ओरडला.

त्या जुडग्यात तुमच्या घराची किल्ली आहे. त्या दिवशीही ती माझ्या खिशात होती. घर आम्ही घेतलं होतं. पण तुझ्या वडिलांचा, एलियाहकाकांचा, पाय निघत नव्हता. कुणी 'नका जाऊ' म्हटलं असतं, तर ते तिथूनच परत फिरले असते.

दुःख कसलं गो! किल्ली वाजू नये म्हणून मी ती मुठीत घट्ट धरून उभा होतो.

तुमच्याच ओटीवरून,
कमळाकर